म्युनिकची मुलाखत आणि पगाराचा आकडा

म्युनिकमधल्या कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातीत तळाशी बहुधा एक ओळ असते: अर्जासोबत पगाराची अपेक्षा आणि रुजू होण्याची लवकरात लवकरची तारीख कळवावी. आपले उमेदवार तारीख काळजीपूर्वक लिहितात. पगारापुढे मात्र ‘कंपनीच्या धोरणानुसार’ असं लिहून मोकळे होतात, नाहीतर ती जागा कोरीच ठेवतात. पुण्यात हे खपून जातं. तिथे एचआर जुन्या सॅलरी स्लिपा मागवून घेतं, सध्याच्या सीटीसीवर वीस-तीस टक्के हाईक लावतं आणि आकडा तयार होतो. म्युनिकमध्ये तो आकडा उमेदवाराने सांगायचा असतो. न सांगितल्यास माणूस तयारी करून आलेला नाही, एवढाच अर्थ समोरचा काढतो.

हिंजवडीतून इथे आलेले अभियंते, गार्चिंगला टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करून बाहेर पडणारी मुलं आणि जोडीदाराच्या नोकरीमुळे येऊन दोन-चार वर्षांनी पुन्हा कामाला लागणाऱ्या बायका, या सगळ्यांना हाच प्रश्न अडतो. मराठी माणसं जमली की भाडं, पाळणाघर आणि व्हिसा यांवर मोकळेपणाने बोलतात. पगाराचा विषय निघाला की आवाज खाली येतो. त्यामुळे नव्याने आलेल्याला खरा दर कुणाकडूनच कळत नाही. पहिल्या करारात कमी आकड्यावर सही झाली, की ती तूट वर्षानुवर्षं सोबत राहते. पुढच्या पगारवाढी त्याच आकड्यावर टक्क्यांनी चढतात आणि सरकारी पेन्शनचा हप्ताही त्यावरच ठरतो. ‘आधी आत तर शिरू, मग बघू’ हा विचार इथे महाग पडतो.

आधी वेळेचं पाहू. अर्जात आकडा मागितला असेल तर अर्जातच द्या, आणि वर्षाचा द्या. मागितला नसेल तर आपणहून लिहू नका. त्यानंतर एचआरचा फोन किंवा व्हिडिओ कॉल येतो. तो जेमतेम अर्ध्या तासाचा असला तरी त्यात पगार निघणारच असं धरून बसा. तो कॉल बऱ्याच अंशी त्यासाठीच असतो. तुमची अपेक्षा त्यांच्या चौकटीत बसत नसेल तर विभागप्रमुखाचे दोन तास कशाला घालवायचे, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. मुख्य मुलाखत त्यानंतर. तिथे तोंड उघडताच पगार विचारू नका. काम नेमकं काय आहे, टीम केवढी आहे, ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय, हे आधी विचारा. या उत्तरांवरूनच तुमच्या आकड्याला आधार मिळणार असतो. पण ती फेरीही संपत आली आणि कुणीच पगाराचं नाव काढलं नाही, तर ‘तुमचे काही प्रश्न?’ असं विचारल्यावर तुम्ही काढा. एवढं होईपर्यंत गप्प बसणाऱ्याला इथे कुणी सुसंस्कृत म्हणत नाही.

आता तो कॉल. एचआरच्या बाई कंपनीची माहिती देतात, तुमचा प्रवास ऐकून घेतात, नोटीस पिरियड लिहून घेतात आणि मग त्याच आवाजात विचारतात, “पगाराबद्दल तुमची काय अपेक्षा आहे?” इथे आपला माणूस घुटमळतो. ‘तसा मी फ्लेक्सिबल आहे,’ म्हणतो. मग पुण्यात किती मिळायचे ते सांगतो, मग म्युनिक किती महाग आहे ते सांगतो आणि शेवटी एक आकडा पुटपुटतो. त्याऐवजी एवढंच म्हणा: “या पदाची जबाबदारी आणि एम्बेडेड सॉफ्टवेअरमधला माझा सहा वर्षांचा अनुभव पाहता माझी अपेक्षा वर्षाला ७२,००० युरो ब्रुटो आहे.” (ब्रुटो म्हणजे कपातींच्या आधीची रक्कम. आकडा उदाहरणादाखल, तुमचा तुम्ही शोधायचा, तो कसा ते पुढे येतं.) वाक्य संपलं की थांबा. पुढचे चार-पाच सेकंद जड जातात. समोरच्या बाई बहुतेक वेळा आकडा टाइप करत असतात, नाराज झालेल्या नसतात. ती शांतता भरून काढायला ‘पण थोडं कमी-जास्त चालेल’ हे शब्द तोंडातून गेले, की तुमचा आकडा तुम्हीच खाली आणला.

त्या म्हणाल्या, “हे आमच्या बजेटच्या वर आहे,” तर लगेच उतरू नका. “या पदासाठी तुम्ही कुठली चौकट ठरवली आहे?” असं विचारा. बहुतेक जण सांगतात. चौकट ६२,००० ते ६८,००० निघाली तर ‘वरच्या टोकाला जमू शकतं, पण आधी कामाविषयी अधिक जाणून घ्यायला आवडेल’ असं म्हणून दार उघडं ठेवता येतं. तुम्ही स्वतः मात्र ऐसपैस पल्ला सांगू नका. ‘६० ते ७०’ म्हणणाऱ्याचे ऐकणाऱ्याने ६० लिहून घेतलेले असतात. एकच आकडा सांगा. खरोखर हवा आहे त्यापेक्षा पाच ते दहा टक्के वरचा. जर्मन मालक थोडी घासाघीस गृहीत धरतो, पण ती एकदाच. मंडईतल्यासारखी दहा वेळा वर-खाली केलेली त्याला आवडत नाही, आणि मध्येच आकडा वाढवणाऱ्या उमेदवारावरचा त्याचा विश्वास उडतो.

जुना पगार विचारला तर? भारतातून थेट अर्ज करणाऱ्याचं सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. वर्षाचे अठरा लाख आपल्याकडे चांगले मानले जातात. युरोत मोडले की वीस हजारही भरत नाहीत. हा आकडा एकदा टेबलावर आला की त्यापुढे ५० हजारदेखील उपकार वाटायला लागतात, त्यांनाही आणि तुम्हालाही. नम्रपणे म्हणा, “भारतातल्या पगाराची इथल्या बाजाराशी तुलना होत नाही, म्हणून मी या पदाच्या इथल्या दरावरून अपेक्षा ठरवली आहे.” याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा जो निर्देश काढला, त्यात उमेदवाराला जुना पगार विचारायलाच मनाई आहे. शिवाय सुरुवातीचा पगार किंवा त्याचा पल्ला मालकाने उमेदवाराला आधी कळवायचा आहे, म्हणजे त्याला माहितीनिशी बोलणी करता येतील. सदस्य देशांनी हे आपापल्या कायद्यात आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठरली. शेजारच्या ऑस्ट्रियात जाहिरातीतच किमान पगार छापण्याची सक्ती २०११ पासून आहे. म्हणून साल्झबुर्गच्या जाहिरातीत आकडा दिसतो आणि गाडीने दोन तासांच्या आत असलेल्या म्युनिकच्या जाहिरातीत बरेचदा दिसत नाही.

आकडा शोधायचा कसा? केंद्रीय रोजगार संस्थेचा ‘एन्टगेल्टआटलास’ नावाचा मोफत तक्ता इंटरनेटवर आहे. त्यात व्यवसाय टाकला की पूर्णवेळ काम करणाऱ्यांचा मधला पगार दिसतो, राज्यानुसार आणि वयोगटानुसार. तिथे बायर्न, म्हणजे म्युनिकचं राज्य, निवडा. सगळ्या जर्मनीची सरासरी घेऊन म्युनिकला बोलणी करू नका. लक्षात ठेवा, तो आकडा महिन्याचा असतो. त्याच्या जोडीला ‘कुनूनू’सारख्या संकेतस्थळावर त्या विशिष्ट कंपनीचे लोक काय सांगतात ते पाहा. आणि त्या क्षेत्रात पाच-सात वर्षं काढलेल्या ओळखीच्या माणसाला विचारा. ‘तुझा पगार किती’ असं विचारलं तर तो अवघडेल. ‘अशा पदासाठी मी ७० म्हणालो तर कमी ठरेल का?’ असं विचारलं तर दिलखुलास उत्तर मिळतं.

बोलणी नेहमी वर्षाच्या ब्रुटोत, म्हणजे सगळ्या कपातींच्या आधीच्या रकमेत होतात. ‘मला हातात साडेतीन हजार हवेत’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे, कारण हातात किती पडणार हे तुमचा करवर्ग, मुलं आणि आरोग्य विमा यांवर ठरतं. त्याच्याशी मालकाचा संबंध नाही. हिशेब तुम्ही घरी करायचा. वर्षाला ६०,००० ब्रुटो असलेल्या, करवर्ग १ मधल्या, म्हणजे अविवाहित, मूल नसलेल्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण ३१०० युरो पडतात. बाकीचे कर, पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विमा यांत जातात. लग्न झालंय पण जोडीदार अजून नाशिकला आहे, अशा माणसालाही करवर्ग १ च लागतो. जोडप्याच्या कराची सवलत जोडीदार इथे राहायला आल्यावर सुरू होते. आणखी एक बारीक गोष्ट: पत्त्याची नोंदणी करताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. कर वसूल करणाऱ्या चर्चचे किंवा धर्मसंस्थेचे तुम्ही सभासद नसाल तर तसं स्वच्छ लिहा, कारण बायर्नमध्ये चर्चचा कर हा आयकराच्या ८ टक्के असतो.

या ३१०० युरोंपुढे म्युनिकचं भाडं ठेवून पाहा. नव्या करारात चौरस मीटरला २० युरोंपेक्षा जास्त भाडं इथे सर्रास मागतात. म्हणजे साठ चौरस मीटरच्या साध्या फ्लॅटला बाराशे, आणि त्यावर हीटिंग, पाणी, कचरा असा वेगळा खर्च. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागता येते. हा हिशेब अर्ज करण्याआधी करा आणि ‘याखाली नाही’ असा एक आकडा कागदावर लिहून ठेवा. पण मुलाखतीत भाडं, गावाकडच्या घराचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी यांतलं काहीही कारण म्हणून सांगू नका. त्या गरजा खऱ्या आहेत. तरीही पगार त्या गरजांचा ठरत नाही, कामाचा ठरतो. गरज सांगितली की बोलणी मागणाऱ्या हाताची होतात.

ब्लू कार्डबद्दल, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांना मिळणाऱ्या परवान्याबद्दल, स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण आपली मुलं इथेच सगळ्यांत जास्त दबतात. २०२६ साठी ब्लू कार्डाची सर्वसाधारण वेतनमर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. आयटी, अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा टंचाईच्या व्यवसायांत आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ती ४५,९३४ युरो २० सेंट आहे. हे आकडे दर जानेवारीला बदलतात. ही मर्यादा म्हणजे परवान्याचा उंबरठा. तुमच्या कामाचा दर नव्हे. तरी ‘निदान ब्लू कार्डापुरते द्या’ असं सांगणारे उमेदवार आहेत, आणि मग त्यांना नेमके तेवढेच मिळतात. ५०,७०० मधून हातात महिन्याला २७०० च्या आसपास येतात. बाराशे-चौदाशे भाड्यात गेल्यावर कुटुंब आणायचं कसं, हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात उभा राहतो. मुलाखतीत व्हिसाची मुदत कधी संपते हे विचारलं तर खरं सांगा, पण आपणहून काळजीच्या सुरात तो विषय काढू नका. इथलं शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पहिल्या तीन महिन्यांत घाबरून सही करण्याचं कारण नाही. शिवाय मर्यादेच्या हिशेबात हमखास मिळणारा पगार धरतात. ‘४३ हजार स्थिर आणि ८ हजारांपर्यंत बोनस’ अशी ऑफर असेल तर ५१ हजार झाले असं मानून चालू नका.

बीएमडब्ल्यू, सीमेन्स, एमएएन अशा मोठ्या कंपन्यांत गोष्ट वेगळी. तिथे आयजी मेटाल या कामगार संघटनेने केलेला सामूहिक करार, म्हणजे टारिफ, लागू असतो. प्रत्येक कामाला एक वेतनगट असतो आणि गटाचा पगार छापलेल्या तक्त्यात असतो. तो तक्ता कुणालाही पाहता येतो. तिथे रकमेवर हुज्जत घालून काही होत नाही. विचारायचं ते हे: “हे पद कुठल्या वेतनगटात धरलं आहे?” गट एकाने वर गेला की जो फरक पडतो तो कुठल्याही घासाघिशीने पडत नाही. गट ठरवताना कंपनीतल्या कामगार प्रतिनिधींच्या समितीचंही मत घ्यावं लागतं. टारिफमध्ये आठवडा ३५ तासांचा असतो, आणि बारा पगारांखेरीज सुट्टीचा व नाताळचा भत्ताही मिळतो. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना नुसती रक्कम पाहू नका. चाळीस तासांचे ७०,००० आणि पस्तीस तासांचे ६५,००० यांत तासाचा दर दुसऱ्याचा जास्त आहे. छोट्या आयटी कंपनीत किंवा स्टार्टअपमध्ये असा तक्ता नसतो. सगळं तुमच्या बोलण्यावर असतं, म्हणून तिथे तयारी दुप्पट लागते.

विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत जाणाऱ्यांना वाटतं की तिथे बोलण्यासारखं काहीच नाही. गट ठरलेला असतो हे खरं. डॉक्टरेट करणारे आणि त्यानंतरचे संशोधक बहुधा ई १३ गटात असतात. पण त्या गटात अनुभवानुसार पायऱ्या असतात, आणि तुमचा पुण्यातल्या प्रयोगशाळेतला किंवा कंपनीतला अनुभव धरला जाईल की नाही, हे रुजू होण्याआधी ठरतं. अनुभवाची प्रमाणपत्रं, कामाच्या सविस्तर वर्णनासह, कराराआधी द्या आणि पायरी कोणती लागणार ते लेखी विचारा. सही झाल्यावर पायरी बदलून घेणं जवळजवळ अशक्य होतं.

बायकांना मला कळकळीने काही सांगायचं आहे. नवऱ्याबरोबर आलेल्या, भाषा शिकत, मूल सांभाळत तीन-चार वर्षं घरी राहिलेल्या कितीतरी मराठी अभियंत्या इथे मुलाखतीला बसताना आधी स्वतःच स्वतःचा दर पाडतात. ‘गॅप आहे ना माझा’ म्हणून फ्रेशरचा आकडा सांगतात. गॅपच्या आधीची आठ वर्षं कुठे गेली? ती सीव्हीवर आहेत, आणि त्याच सीव्हीमुळे तुम्हाला बोलावलं आहे. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाचा १६ फेब्रुवारी २०२३ चा निकाल ठाऊक असू द्या. सॅक्सनीतल्या एका कंपनीच्या विक्री विभागात २०१७ मध्ये एक स्त्री आणि एक पुरुष जवळपास एकाच वेळी रुजू झाले. दोघांनाही आधी महिना ३५०० युरो देऊ केले होते. तिने ते मान्य केले. त्याने ४५०० मागितले आणि त्याला मिळाले. काम तेच. ‘त्याने बोलणी चांगली केली’ हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि तिला सुमारे १४,५०० युरोंची थकबाकी आणि २,००० युरोंची भरपाई मंजूर केली. कायदा तुमच्या बाजूने आहे, हे मोठंच बळ आहे. पण त्या स्त्रीला न्यायासाठी वर्षं काढावी लागली. त्यापेक्षा पहिल्याच कॉलवर पुरुष सहकाऱ्याने सांगितला असता तोच आकडा सांगणं सोपं आहे.

ऑफर आली की आनंदात लगेच ‘हो’ म्हणू नका. आभार माना आणि विचार करायला तीन-चार दिवस मागा. इथे ते रीतसर मानलं जातं. मग कागद ओळीने वाचा. रक्कम बारा हप्त्यांत की तेरा? बोनस करारात आहे की नुसता तोंडी? आठवड्याचे तास किती आणि जादा तासांचं काय? रजा किती? पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा मिळते, पण चांगल्या कंपन्या ३० देतात. स्थलांतराचा खर्च दिला असेल तर किती महिन्यांत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल? रकमेत आणखी हालचाल होत नसेल तर इथे वाव असतो: विमानाचं भाडं आणि पहिल्या महिन्याची राहण्याची सोय, जर्मनचा वर्ग, डॉइचलांड तिकीट (सार्वजनिक वाहतुकीचा मासिक पास), घरून कामाचे दिवस. ‘प्रोबेत्साइट (चाचणीचा काळ) संपल्यावर पगार पाहू’ असं म्हणाले तर सहा महिन्यांनंतर किती आणि कशावर, हे करारात घालायला सांगा. कागदावर नसलेलं आश्वासन सहा महिन्यांनी आठवण करून द्यायला गेलात, तर तोवर ते देणारा माणूसच दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

आपल्याकडची एक सवय मात्र विमानतळावरच सोडून या. तीन ऑफरलेटरं खिशात ठेवून चौथीशी भाव करायचा आणि शेवटच्या आठवड्यात बाकीच्यांना ‘सॉरी’ म्हणायचं, हे इथे अंगाशी येतं. सही झालेला करार रुजू होण्याआधीही बंधनकारक असतो. काही करारांत रुजू होण्यापूर्वी राजीनामा देता येणार नाही असं कलम असतं आणि न आल्यास दंडही असतो. जी बोलणी करायची ती सहीच्या आधी, सगळी. आणि इथली सही हातात पडल्याशिवाय भारतातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका; तोंडी होकारावर नोटीस देऊन बसलेल्या माणसाकडे बोलणी करायला काहीच उरत नाही.

कराराची भाषा जर्मन असेल आणि एखादं कलम कळलं नसेल, तर एचआरलाच त्याचा अर्थ ईमेलवर विचारा. उत्तर लेखी मिळतं. तरी शंका राहिलीच, तर युरोपबाहेरून आलेल्या कामगारांना कामगार कायद्याचा सल्ला देणारी ‘फायरे इन्टेग्रात्सिओन’ ही केंद्रं जर्मनीच्या सगळ्या राज्यांत आहेत, बायर्नमध्येही. कागद घेऊन तिथे सहीच्या आधी जा. सल्ला मोफत असतो.